मोठ्याने वाचून घे

दहिवली,
३ डिसेंबर १९४५

तीर्थरूप जिजाताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. धाकलू भावोजींनाही सांग.

उत्तराला उशीर झाला, पण कारण ऐकशील तर रागावणार नाहीस. तुझा भाऊ आता नुसता भातगिरणीतला दिवाणजी राहिला नाही. आमच्या खोतसाहेबांनी कर्जतला एक पक्ष काढला आहे, ‘धर्मध्वज सभा’. मी तिचा चिटणीस झालो.

आधी ती गोरक्षणाची मंडळी होती. गाई कोणी आणून देईना, तेव्हा गुरुवारचं भजन सुरू झालं. मग खोतसाहेब पुण्याहून छापील पत्रकं घेऊन आले आणि म्हणाले, ‘इंग्रज आज ना उद्या जाणार. मागे राज्य कोणाचं? धर्माचं हवं.’ भजनाला बसलेले सगळे त्याच बैठकीत सभासद झाले. उठून जायला कोणाला सुचलं नाही. चिटणीस कोण, असा प्रश्न आला तेव्हा सातवी पास झालेला मी एकटाच. शिवाय अक्षर चांगलं.

त्याच दिवशी गावदेवीपुढे सगळ्यांनी भंडारा उचलला. ‘सभेतली गोष्ट माझ्या तोंडून बाहेर गेली तर माझ्या थोरल्या लेकरावर देवीचा कोप होवो.’ मी आपल्या नामाचं नाव घेतलं. गिरणीतल्या लडकू हमालाला मूल नाही, त्याने बैलावर शपथ घेतली. हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

हे पत्र नेहमीप्रमाणे अलीभाईची झोहराच तुला वाचून दाखवत असेल. तिचं अक्षर माझ्याहून वळणदार आहे, पण हे सभेत सांगायची सोय नाही. तिला आशीर्वाद.

तुझा
सहदेव

*

चौक,
१९ डिसेंबर १९४५

चिरंजीव सहदेवास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. मी बोलते आहे आणि झोहरा लिहिते आहे.

चिटणीस झालास, आनंद आहे. पण पोराच्या डोक्यावर भंडारा उचलायची अक्कल तुला कोणी दिली? खोताला मुलगा आहे ना? त्याने कोणावर उचलला, ते तू लिहिलं नाहीस. आपल्या बापाने खोताचं भात झोडण्यात जन्म काढला, पण त्याच्या ओटीवर बसायला कधी पाट मिळाला नाही. तुला एकदम खुर्ची मिळाली. बसायच्या आधी तिचे पाय हलवून बघ.

इकडे बरं चाललं आहे. लढाई संपल्यापासून रस्त्याला लॉऱ्या वाढल्या. लॉरीचं चाक बसलं की शेजारी अलीभाईच्या दुकानात पंक्चर काढायला येते, आणि ड्रायव्हर आमच्या हाटेलात चहा-भजी मागतो. चाक त्यांचं, पोट आमचं. अलीभाईचे वडील, मोहियुद्दीनबाबा, दिवसभर दुकानात बसून जुने नटबोल्ट निवडतात आणि बशीतून चहा पितात. त्यांना आता डोळ्यांनी कमी दिसतं, पण चहात साखर कमी पडली तर लगेच कळतं.

तुझ्या बायकोला, जयवंताला सांग, नामाची दृष्ट काढ. तेवढं तरी कर म्हणावं.

तुझी
जिजाताई

(मामा, बैलाचं ऐकून मावशी इतकी हसली की भजी करपली. ती मलाच खावी लागली. — झोहरा)

*

दहिवली,
२८ एप्रिल १९४६

तीर्थरूप ताईस,

नमस्कार.

आम्ही निवडणूक हरलो. हरलो म्हणणंही जास्त झालं. खोतसाहेबांची अनामत जप्त झाली. प्रचारात आम्ही सांगत होतो की कूळकायदा हा धर्मावर घाला आहे, आणि समोर बसलेली माणसं बहुतेक कुळंच. ती शांतपणे ऐकायची, आमचा गूळ-पाणी घ्यायची आणि दुसऱ्याला मत द्यायची. नेरळच्या बाजाराला तर पोरांनी आमच्या ध्वजाला लंगोट म्हटलं.

तेव्हापासून खोतसाहेब बदलले आहेत. पूर्वी बैठकीत थट्टामस्करी चालायची, ती गेली. ते म्हणतात, ‘लोकांना धर्म दिसत नाही, त्यांना बोट ठेवायला काहीतरी दाखवलं पाहिजे.’ कशावर बोट ठेवायचं ठरलं, ते मला लिहिता येत नाही. एक तर शपथ आहे. आणि दुसरं असं की माझं पत्र तुझ्या कानाला लागण्याआधी दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जातं.

एक ऐक. हाटेल रस्त्याच्या पलीकडे न्यायचं बघ. चिंचेखाली जागा चांगली आहे. कारण विचारू नकोस.

तुझा
सहदेव

*

चौक,
१२ मे १९४६

चिरंजीव सहदेवास,

आशीर्वाद.

कारण विचारू नको म्हणालास, म्हणून विचारलं नाही. ते आपल्या पायांनी चालत आलं. काल एक ड्रायव्हर तुमच्या सभेचं पत्रक घेऊन आला. झोहरा भजीचा घाणा काढत होती. मी तिला म्हटलं, वाच गं, मामाच्या पक्षाचं आहे. तिने वाचलं. ‘मुसलमानाच्या दुकानाची पायरी जो चढेल त्याला गावाने वाळीत टाकावा.’ मी म्हटलं पुरे. ती म्हणाली, ‘मावशी, खाली नाव राहिलं.’ आणि तुझं नाव वाचलं. ‘आपला नम्र, सहदेव, चिटणीस.’

मला जमीन दुभंगली तर बरं, असं झालं. मोहियुद्दीनबाबांनी विचारलं, काय लिहिलंय? झोहरा म्हणाली, खताची जाहिरात आहे.

तुला आठवतं का, तुझ्या लग्नाला दहिवलीला येताना आमच्या बैलगाडीचा आस मोडला होता? अलीभाईने ड्रायव्हरच्या हातापाया पडून आम्हाला लॉरीत बसवून पाठवलं. नाहीतर तुझ्या अक्षता बहिणीवाचून पडल्या असत्या. ‘नम्र’ लिहिताना हात थोडा तरी थांबला का?

आणि धर्म धर्म काय करतोस? आमच्या दुकानांची जागा खोताची आहे. त्याला तिथे पेट्रोलचा पंप घालायचा आहे, हे चौकातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. आम्हाला उठवायला भाडं वाढवलं, जमलं नाही. आता देव आणला.

हाटेल हलणार नाही.

जिजाताई

(मामा, मावशीने सांगितलं तसंच लिहिलं आहे. माझं मी काही घातलेलं नाही. — झोहरा)

*

दहिवली,
२ जून १९४६

तीर्थरूप ताईस,

तुझं पत्र मी गिरणीच्या मागे उभं राहून वाचलं आणि तिथेच फाडलं. जयवंतालाही दाखवलं नाही.

तुला वाटत असेल, हा खुर्चीला चिकटला. ताई, मी खोतसाहेबांकडे गेलो होतो. म्हटलं, मला चिटणीसपणातून मोकळा करा, गिरणीच्या कामाला वेळ पुरत नाही. ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं झालं असतं. म्हणाले, ‘भंडारा तू देवीपुढे उचललास, मी कोण सोडणारा? देवीला कौल लाव.’ गुरवाने देवीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर मोकळा, डावी पडली तर नाही. सगळी सभा बघत होती. पाकळी डावी पडली. गुरवही सभासद आहे, उजवीकडची पाकळी त्याने जरा जास्त दाबून बसवली असं मला वाटलं. पण वाटलं म्हणून देवीचा कौल कोणी मोडतं का? आणि मोडला, आणि उद्या नामाला काही झालं, तर?

गिरणी खोताची. मी राहतो ते घर खोताच्या जागेत. इकडे आड आणि तिकडे विहीर, अशी माझी गत आहे आणि वर देवी बसली आहे.

म्हणून हात जोडून सांगतो. माझी पत्रं दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घे. चौकात काय एकटी झोहराच शिकली आहे? तिच्यापुढे मला माझं दुःखही लिहिता येत नाही.

तुझा
सहदेव

*

चौक,
२० जून १९४६

चिरंजीव सहदेवास,

तुझं पत्र झोहरानेच वाचलं. ‘दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घे’ हेही तिनेच वाचलं. वाचून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

तुझी अडचण कळली. मला राग येतो आणि तुझी कीवही येते, दोन्ही एकाच वेळी. आई असती तर तिने तुझा कान धरून तुला देवळातून बाहेर काढलं असतं. मी लग्न होऊन इकडे आले, माझा हात तिथवर पोचत नाही.

पत्र कोणाकडून वाचून घ्यायचं ते बघते. लिहायचं मात्र झोहराच लिहील.

जिजाताई

(मामा, मी तुमची पत्रं वाचून कोणाला सांगत नाही. एवढंच. — झोहरा)

*

दहिवली,
१६ ऑक्टोबर १९४७

तीर्थरूप ताईस,

वर्षभर आपण नुसती खुशालीची पत्रं लिहिली. तुझ्या पत्रांवरचं अक्षर अजून झोहराचंच असतं. म्हणजे तू माझं ऐकलं नाहीस. त्याबद्दल आता माझी काही तक्रार नाही. उलट बरंच झालं.

स्वराज्य आलं आणि आमच्या सभेला बरे दिवस आले. पंजाबकडच्या बातम्या येतात. खोतसाहेब त्या बैठकीत वाचतात, थोड्या स्वतःच्या घालतात. पूर्वी ज्यांनी ध्वजाला लंगोट म्हटलं ती पोरं आता ध्वज धरायला भांडतात. लडकू त्यांचा पुढारी झाला आहे. मी लिहितो आणि ते माझ्या खांद्यावरून बघतात.

आता नीट ऐक. दसऱ्याला आमची सभा सीमोल्लंघन करणार आहे, ते चौकात. दुपारी ध्वज तुझ्या शेजारच्या दुकानापुढे थांबेल. नुसता थांबणार नाही. गिरणीतले घासलेटचे डबे कालच पुढे गेले. मी त्यांची नोंद केली नाही, मला करू दिली नाही. तू आणि भावोजी त्या दिवशी हाटेल बंद ठेवा आणि सकाळीच पोशीरला आत्याकडे जा. दुकानात त्या दिवशी जो असेल त्याची धडगत नाही.

हे तुझ्या एकटीसाठी आहे. कोणालाही सांगू नकोस. सांगितलंस तर नामाच्या डोक्यावर येईल, मी भंडारा उचललेला आहे. तुझ्या तोंडून शब्द निघाला तर तो माझ्याच तोंडून निघाल्यासारखा आहे.

पण हे पत्र नेहमीसारखं मोठ्याने वाचून घे. ओळ न् ओळ वाचून घे. घाई करू नकोस. एकदा वाचून कळलं नाही तर दुसऱ्यांदा वाचून घे.

तुझा
सहदेव

*

दहिवली,
२२ नोव्हेंबर १९४७

तीर्थरूप ताईस,

तुझं पत्र नाही. मी रोज टपालवाल्याची वाट बघतो आणि तो दिसला की आत जातो.

मी ध्वजाच्या बराच मागे होतो. पुढे ढकलाढकल झाली, मग धूर दिसला. मला वाटत होतं, दुकान बंद असेल, आत कोणी नसेल. मला पक्की खात्री होती. म्हातारे मोहियुद्दीनबाबा आत होते, हे परत फिरताना पळसदरीजवळ कळलं. लडकू म्हणाला, ‘आमाला तरी काय ठावं रं? हाका मारल्या, त्यो भायेरच नाय आला.’

ताई, मी माझ्याकडून करायचं ते केलं होतं. देवीलाही दुखावलं नाही आणि माणसालाही अंधारात ठेवलं नाही. वाचणाऱ्याला मी काय म्हणतो ते कळेल. सगळं कळूनही कोणी जागा सोडली नाही, म्हाताऱ्याला तिथेच बसवून ठेवलं, तर त्याला मी काय करू? अलीभाई हट्टी आहे हे मला माहीत होतं, पण इतका?

हे मी रागाने लिहीत नाही. कुठेतरी हे बोलायला हवं होतं.

तुझा
सहदेव

*

दहिवली,
२ सप्टेंबर १९४८

तीर्थरूप ताईस,

सुटून आलो. जयवंताने भाकरतुकडा ओवाळून टाकला तेव्हा नामा मला बघून तिच्या मागे लपला. दाढी वाढली आहे.

दिल्लीत महात्माजींचा खून झाल्यावर आमच्यासारख्या सगळ्याच सभांवर पोलीस आले. आमच्या सभेचा त्या खुनाशी काही संबंध नव्हता, तेवढी आमची ऐपतही नव्हती. खोतसाहेब आदल्याच रात्रीच्या गाडीने काशीयात्रेला गेले. गुरवाने सांगितलं, मी देवळातला, मला सभेतलं काय कळतं? पत्रकावर नाव एकाचंच होतं, नम्र चिटणिसाचं. मला नेलं. दसऱ्याबद्दलही विचारलं. मी म्हटलं, ध्वजाच्या मागे होतो.

आत असताना एकाच गोष्टीवर मी दिवस काढले. मनाला समजावत होतो की मी सांगितलं होतं. ज्यांना सांगितलं त्यांनी ऐकलं नाही, हे त्यांचं प्रारब्ध. ही एक गोष्ट नसती तर मी त्या भिंतीवर डोकं आपटून घेतलं असतं, खरं सांगतो.

खोतसाहेब गंगोदक घेऊन परत आले. मला गिरणीत पुन्हा घेतलं. सगळे म्हणतात, केवढे उपकार! नवी परिषद काढायचं घाटतं आहे. सभा हे नाव बदनाम झालं म्हणून परिषद. माणसं तीच आणि चिटणीसही तोच, कारण तुरुंगात जाऊन आलेला चिटणीस असला की पक्षाला वजन येतं म्हणतात. मी कौल लावतो म्हटलं नाही. पाकळी कुठे पडेल ते मला माहीत आहे.

आता तरी उत्तर दे. शिव्या दे, पण दे.

तुझा
सहदेव

*

चौक
४ नोवेंबर १९४८

सहदेवा

हे पत्र मी माझ्या हातानं लिवते. चार दिवस लिवते हाय. अक्षर वाकडं हाय पन माझं हाय.

तूच म्हनालास ना, झोहराकडून वाचून घेऊ नको, दुसऱ्याकडून घे. मी म्हटलं दुसरं कशाला शोधू, मीच शिकते. झोहरा रोज दुपारी पाटी घेऊन बसवायची. तिचाच हट्ट, मामाला एकदम दाखवू, तवर सांगायचं नाय. म्हनून तुला कळवलं नाय. लिवायला जमत नव्हतं, म्हनून पत्र तीच लिवायची. वाचायला जमत होतं.

तुझं दसऱ्याचं पत्र आलं. मला इतका आनंद झाला. मी कोनाला हाक नाय मारली. चुलीपाशी बसले आन पैलं आख्खं पत्र माझं मी वाचलं. मोठ्यानं वाच लिवलंस. मी मोठ्यानंच वाचलं सहदेवा. घरात कोन नव्हतं.

कोनाला सांगू नको लिवलंस, नाय सांगितलं. नामाच्या डोक्यावर येईल लिवलंस, मला पोर नाय, नामा एकच हाय. मी पत्र चुलीत घातलं. तुझ्या भावोजींना म्हटलं, आत्याची तब्येत बरी नाय. झोहरा म्हनाली, मावशी सनाला कुठं चाललीस, बाबांना तुझ्या हातचा चहा लागतो. मी म्हटलं येते दोन दिसांत. मोहियुद्दीनबाबांनी मला पानाचा विडा दिला वाटेत खायला. मी घेतला.

मी दहादा मागं वळले. पोशीरच्या वाटेवर बसून र्‍हायले. नामा दिसायचा डोळ्यापुढं. मग उठले आन पुढंच गेले.

अलीभाई त्या दिशी रोह्याला मयतीला गेलेला. झोहरा आन तिची आई अख्तरबी मागच्या दारानं निघाल्या. म्हातारा नाय निघाला.

तू तुरुंगात काय समजून बसलास ते तुझं पत्र वाचून कळलं. म्हनून लिवते. त्यांना कोन कायसुदिक बोललं नव्हतं. त्यांना ठावं नव्हतं. मी होते ना बोलनारी, मी पोशीरला बसले होते.

आता पुढचं ऐक. जळल्यापासून ते सगळे आमच्या पडवीत हायत. मीच आनलं. गावानं आमाला वाळीत टाकलं, टाकूदे. दुकानाच्या जागी खोताचा पंप झाला. अख्तरबी रोज माझ्या पाठीवरून हात फिरवते, म्हनते जिजा तू नसतीस तर आमी कुठं गेलो असतो. चौकात सगळ्यांना सांगते. ती हात फिरवते तवा मला वाटतं भिंतीत शिरावं. दोनदा तोंड उघडलं सांगायला. आवाज निघत नाय. एकाच घरात हाय, उठून कुठं जाऊ?

माझ्यानं होनार नाय. तू लिव. जे झालं ते लिव, तू लिवलंस, मी लपवलं, सगळं. तू लिवशील ते पत्र मी फोडनार नाय. झोहराच्या हातात देईन. ती वाचेल, सगळे ऐकतील. मग त्यांनी माझ्या तोंडावर थुंकावं नायतर र्‍हावं. पन मला यातून काढ. आता तुझी देवी मधी आनू नको. नामाचं जे होईल ते माझ्यावर येऊ दे, मी तिला तसं सांगितलं हाय.

जिजा

*

कर्जत,
१३ जानेवारी १९४९

तीर्थरूप जिजाताईंचे सेवेशी,

बालके सहदेवाचा शिरसाष्टांग नमस्कार. येथील सर्व मंडळी देवीच्या कृपेने खुशाल आहेत. आपल्याकडील क्षेम कळवीत जावे.

आपले पत्र पावले. उत्तरास विलंब झाला, क्षमा असावी. नामाला मध्यंतरी ताप येऊन गेला. आता उतार आहे. देवीला खणानारळाने ओटी भरली.

भाताला यंदा बरा उतारा आहे. गिरणी दिवसभर चालते. आमच्या लोकधर्म परिषदेचे कार्यालय गिरणीच्या माडीवरच थाटले आहे. माझे टेबल तिथेच मांडले आहे. मागील त्रासामुळे परिषदेने असा नियम केला आहे की चिटणिसाचे जाणारे-येणारे टपाल अध्यक्षांनी एकवार पाहावे. त्यात परिषदेचे व चिटणिसाचेही हितच आहे. आपले मागील पत्र या नियमापूर्वी आले. यापुढे पत्र लिहिताना हे ध्यानात असावे.

हे लिहीत असता खोतसाहेब समोर बसले आहेत. त्यांनीही आपणांस व आपल्याकडील सर्व मंडळींस संक्रांतीचा तिळगूळ सांगितला आहे. तिळगूळ घ्यावा, गोड बोलावे.

भावोजींस नमस्कार. धाकट्यांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक
सहदेव

*

चौक,
६ फेब्रुवारी १९४९

सहदेवमामांस,

हे पत्र मावशीने सांगितलेलं नाही, मीच लिहिते आहे. माझ्या मैत्रिणीचा भाऊ कर्जतला जातो आहे, तो तुमच्या हातात देईल, टपालाने येणार नाही.

आमच्या घरात तुमचं नाव कोणी घेत नाही. मीही घेतलं नसतं. पण मावशी दोन महिने तुमच्या पत्राची वाट बघत होती. रोज मला विचारायची, आलं का? आलं तेव्हा तिने फोडलं नाही. माझ्या हातात दिलं. आईला सूप खाली ठेवायला लावलं, धाकलूकाकांना बोलावलं, बाबांना कामावरून उठवून आणलं. बाबा यायला तयार नव्हते. ती म्हणाली, ‘अलीभाई, माझ्या भावाचं पत्र हाय, तुमच्यासाटी हाय. एकदाच ऐका, मग मी कधी सांगायची नाय.’ बाबांना वाटलं, माफीचं असेल. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि बसले.

मी वाचलं. भाताचा उतारा वाचला, टेबल वाचलं. बाबांनी मान वर केली नाही. तिळगुळापाशी आल्यावर ते उठले आणि बाहेर गेले.

मावशी म्हणाली, ‘पुढं?’ मी म्हटलं, संपलं. ती म्हणाली, ‘मागं बघ.’ मी कागद उलटा केला. मागे काही नव्हतं. ‘पाकिटात बघ.’ पाकिटातही काही नव्हतं. मग तिने कागद घेतला आणि स्वतः वाचला, बोट ठेवून, सावकाश. मोठ्याने वाचला. मग पुन्हा वाचला.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. समोर आले तर मान फिरवते. जेवायला सगळ्यांना वाढते आणि स्वतः आमच्याबरोबर बसत नाही. आईने पाठीवर हात ठेवला तर अंग चोरते. आई म्हणाली, ‘झोहरा, तुझ्या हातून काहीतरी चुकलं असेल. ती आपल्याला आईच्या ठिकाणी आहे, जाऊन माफी माग.’

काल मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. म्हटलं, मावशी, माझं चुकलं, मला माफ कर. तर ती जमिनीवर बसली आणि अशी रडली की शेजारपाजारचे गोळा झाले. वाळीत टाकलंय म्हणून उंबऱ्याच्या आत मात्र कोणी आलं नाही.

मामा, माझं काय चुकलं? तुम्हाला ठाऊक असेल तर लिहा.

झोहरा